मँचेस्टरांतील लिंकन

अमेरिकेचा अध्यक्ष अब्राहम लिंकन याचा पुतळा इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं कां असावा, हा प्रश्न तेथें जाणाऱ्या प्रवाशास सहज पडतो. लिंकन या शहरीं कधींच आला नव्हता. पुतळा १९१९ सालीं मँचेस्टरला मिळाला व १९८६ सालीं शहराच्या मध्यभागीं, लिंकनच्याच नांवाच्या चौकांत, आणून बसविण्यांत आला. ‘जागतिक अभ्यास’ या विषयाचें शिक्षण घेत असतां आम्ही येथें पुष्कळदां येत असूं. कारण ग्रंथालयांत वाचलेलें या चौथऱ्यापाशीं अधिक स्पष्ट होई.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं आणि गुलामांच्या कष्टानें पिकणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला. गिरण्या बंद पडल्या. लाखों लोकांवर उपासमारीची पाळी आली. असें असतांही १८६२ च्या ३१ डिसेंबर रोजीं मँचेस्टरच्या कामकऱ्यांनीं सभा भरवून लिंकनला पत्र धाडलें व गुलामगिरीविरुद्धच्या त्याच्या कार्यास पाठिंबा दिला. पुढच्याच महिन्यांत लिंकननें कृतज्ञतापूर्वक उत्तर पाठविलें. त्यांतील मजकूर चौथऱ्यावर कोरलेला आहे.

ही कथा मँचेस्टरला भूषणावह आहे यांत शंका नाहीं. परंतु कापसाच्या गासडीचा माग काढीत दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जावें, ही संवय आम्हांस या अभ्यासक्रमानें लाविली. लँकेशायर उपाशी असतां मुंबईंत जणूं सोन्याचा पाऊस पडत होता. आपल्या कापसाला पूर्वीं कधीं न मिळालेला भाव आला. नवनव्या कंपन्यांच्या शेअरांवर लोकांच्या उड्या पडल्या. मुंबई विद्यापीठाचा १८७८ सालीं पुरा झालेला राजाबाई मनोरा त्या काळचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीचा असून त्यास त्यांच्या मातोश्रींचें नांव आहे. पण १८६५ सालीं युद्ध संपलें आणि भाव कोसळले. पेढ्या बुडाल्या. तेजीच्या दिवसांत सावकारानें सढळ हातानें दिलेलें कर्ज मात्र दख्खनच्या शेतकऱ्याच्या मानेवर तसेंच राहिलें. वर सरकारी साऱ्याची वाढ झाली. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोकांनीं सावकारांचीं खतें व वह्या जाळल्या, त्यामागें हीं सारीं कारणें होतीं.

सुप्याच्या शेतकऱ्यास लँकेशायरचा कामकरी ठाऊक नसेल, त्यासही सुपें ठाऊक नसेल. तरी दोघांच्या घरची भाकरी एकाच बाजारानें हिरावली. एकाच्या सोशिकपणाची आठवण चौकांत पुतळ्याच्या रूपानें उभी आहे. दुसऱ्याच्या हालांस इतिहासाच्या पुस्तकांत ‘दंगा’ एवढेंच नांव मिळालें.

कोणतेंही वैभव पाहतां त्याचें मोल कोणीं व कोठें चुकतें केलें हें विचारावें, हा त्या शिक्षणाचा आम्हांस झालेला लाभ होय. राजाबाई मनोऱ्याखालून जातां आमच्या वाचकांनींही सुप्याची एकवार आठवण करावी.