चाकोरीतून सायकल

दोस्तांनो, तुमच्या घरी सायकल आहे ना? मग ती सात गिअरची असो, नाहीतर आजोबांची काळी, जड, दांड्यांच्या ब्रेकची असो. आज तिला आपण डांबरी रस्त्यावरून खाली उतरवणार आहोत. कुठे? थेट वर्धा जिल्ह्यात!

वर्धा म्हटलं की आपल्याला सेवाग्राम आठवतं, धाम नदीच्या काठचा पवनारचा आश्रम आठवतो. पण डोंगर? "वर्ध्याला कुठले आलेत डोंगर!" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना जिल्ह्याचा उत्तर भाग दाखवायला हवा. आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलू तालुक्यांत सातपुड्याच्या सोंडा खाली उतरल्या आहेत. वर्धा शहर समुद्रसपाटीपासून साधारण २३४ मीटरवर आहे, आणि उत्तरेकडचे उंच माथे सहाशे मीटरच्या घरात जातात. हिमालयापुढे ही उंची काहीच नाही, कबूल. पण सायकलवर बसून चढा, म्हणजे मांड्याच सांगतील डोंगर आहेत की नाहीत ते!

डोंगरात चालवायची सायकल, म्हणजे माउंटन बाइक, कशी जन्माला आली ठाऊक आहे? अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेत आणि मातीच्या रस्त्यावरून सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. त्या सायकलींना पॅडल उलटं दाबून लावायचा ब्रेक असे. उतारावर तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा! प्रत्येक फेरीनंतर चाक उघडून नवं ग्रीस भरावं लागे. इंग्रजीत पुन्हा भरण्याला 'रीपॅक' म्हणतात, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. पुढे वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हाच खेळ पदकांच्या यादीत जाऊन बसला.

आता गंमत बघा. त्या पोरांनी स्वतःसाठी नवा रस्ता काही खोदला नव्हता. वणवा विझवायला जाता यावं म्हणून डोंगरात आधीच केलेला कच्चा रस्ता त्यांनी वापरला. आपल्याकडेही असे रस्ते आधीपासून आहेत. त्यांचं नाव आहे पांदण.

पांदण म्हणजे शेताशेतांतून जाणारी बैलगाडीची वाट. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच पाणंद म्हणतात. दोन्ही बाजूंना बांध, बांधावर बाभळी, बोरी, पळस, निवडुंग. मधून दोन खोल रेघा गेलेल्या असतात. वर्षानुवर्षं गाडीची चाकं एकाच जागेवरून गेल्यामुळे त्या पडतात. त्यांना म्हणायचं चाकोरी. 'चाकोरीबाहेरचा विचार करा' असं गुरुजी सांगतात ना, तीच ही चाकोरी! सायकलवाल्याला मात्र ती फार जपून वागवावी लागते. पुढचं चाक एकदा चाकोरीत शिरलं की हॅण्डल वळवून तिरपं बाहेर काढू नका. चाक कडेला घासतं आणि स्वार धूळ चाटतो. एकतर चाकोरीतूनच सरळ जा, नाहीतर वेग कमी करून, जरा आडवं होऊन, ती एका दमात ओलांडा.

दुसरा धडा मातीचा. वर्ध्याच्या सखल भागात काळी कपाशीची जमीन आहे. ज्वालामुखीच्या लाव्हापासून झालेला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, झिजून झिजून ती तयार झाली. पाणी मिळालं की ही माती फुगते आणि चिकट होते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल्या काळ्या मातीत सायकल घातलीत, तर चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखलाचा असा गोळा बसतो की चाक फिरायचंच थांबतं. मग तुम्ही सायकलवर नाही, सायकल तुमच्या खांद्यावर! डोंगराच्या अंगाला मात्र मुरूम लागतो. त्यातून पाणी लवकर निचरून जातं. म्हणून पाऊस पडून गेला असेल तर मुरमाची वाट धरायची, काळीला चार दिवस सुकू द्यायचं. शंका आली तर शेतात काम करणाऱ्याला विचारा. "इकडून नोका जाऊ बाप्पा, लय गारा हाय!" असं उत्तर मिळालं तर मुकाट्यानं सायकल फिरवा. त्यांच्याइतका त्या वाटेचा जाणकार दुसरा नाही. आणि ओल्या पांदणीत घुसून चाकांनी तिची चाळण केली, तर वाळल्यावर ते खड्डे बैलांच्या पायाला लागतात, हेही ध्यानात ठेवा.

उतारावर पुढचा ब्रेक एकटा कचकन दाबू नये. सायकल थांबते, पण आपण हॅण्डलवरून पुढे जातो! बूड मागे सरकवून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. जुन्या दांड्यांच्या ब्रेकची रबरं ओल्या रिमवर घसरतात, तेव्हा त्या सायकलवाल्यांनी पाण्यातून निघाल्यावर आधी सपाटीवर ब्रेक लावून रिम कोरडी करावी. चढावर दम लागला तर उतरून ढकलत न्यावी, त्यात लाज कसली? आणि काटे! बाभळीचा काटा टायर सहज भेदतो आणि सराट्याचं काटेरी फळ तर पंक्चरसाठीच जन्माला आल्यासारखं असतं. तेव्हा पंप, सोल्युशन आणि ट्यूबचे तुकडे जवळ हवेतच.

आता वाट धरू या. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघालात की आधी पवनार लागतं, मग सेलू. इथपर्यंत गाड्यांची वर्दळ, म्हणून एकामागे एक आणि डाव्या कडेनेच. सेलूहून उत्तरेला हिंगणीकडे वळा. वर्दळ कमी होते, क्षितिजावर डोंगर दिसू लागतात आणि दोन्ही हातांना पांदणी फुटतात. हिंगणीच्या पुढे बोर नदीवरचं धरण आहे. त्याच्या पाठीमागे साग, ऐन, तेंदू आणि बांबूचं जंगल पसरलं आहे.

इथे, दोस्तांनो, ब्रेक!

हे जंगल म्हणजे बोर व्याघ्र प्रकल्प. १९७० साली ते अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्या वेळी त्याचं क्षेत्र होतं जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत सर्वांत लहान. आत मुरमाच्या वाटा आहेत, चढउतार आहेत, ओढे आहेत. सायकल घालावीशी वाटेल अशी ती जागा आहे. पण तिथे सायकल न्यायची नाही. वाघ बघायचा तर वन विभागाच्या परवानगीने, गाइडबरोबर, ठरलेल्या गाडीतूनच.

का बरं? सायकल धूर सोडत नाही, आवाज करत नाही, मग तिचा त्रास कुणाला? तिचा तोच गुण जंगलात धोक्याचा ठरतो. पायी माणूस हळू येतो, मोटार दुरून ऐकू येते. सायकल मात्र वेगानेही येते आणि गुपचूपही. वळणावर अस्वल किंवा रानडुकराची मादी पिलांसह उभी असेल, तर तिला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. घाबरलेलं जनावर अंगावर येतं. शिवाय वाघाला प्रकल्पाची हद्द वाचता येत नाही. बोरचा 'बाजीराव' नावाचा वाघ लोकांना फार आवडायचा. डिसेंबर २०१७ मध्ये तो नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायचं तर वाघाला आपले रस्ते ओलांडावेच लागतात. म्हणून जंगलाला लागून असलेल्या गावांमध्येही पहाटेच्या अंधारात आणि सांजवेळी सायकल नको. ऊन पडल्यावर निघा, सूर्य बुडायच्या बराच आधी गावात परता. एकटे जाऊ नका, मोठं कुणीतरी सोबत असू द्या, वळणावर घंटी वाजवा. वनरक्षकाने "पुढे नको" म्हटलं की हुज्जत घालू नका.

मग उरलं काय, असं वाटतं? अहो, उरल्या त्या पांदणी! पण त्याही आता कमी होत चालल्या आहेत. बैलगाड्या घटल्या, ट्रॅक्टर आले. जिथून कुणी जात नाही ती वाट झुडपांनी भरते, कडेचा नांगर दर वर्षी वीतभर आत सरकतो, आणि एक दिवस तिथे वाट होती हे सांगावं लागतं. मग शेवटच्या शेतातला कापूस डोक्यावरून आणायचा का, म्हणून गावात भांडणं होतात. पांदणी मोकळ्या करून पक्क्या करण्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आणली.

तुम्हाला एक काम सांगतो. आपल्या गावाचा, नाहीतर मामाच्या गावाचा जुना गाव नकाशा मोठ्या माणसांबरोबर जाऊन बघा. एकच तुटक रेघ दिसली तर ती पायवाट, आणि शेजारी शेजारी दोन तुटक रेघा दिसल्या तर ती गाडीवाट. कागदावर त्या रेघा उतरवून घ्या आणि एखाद्या हिवाळी रविवारी सायकलने त्यांचा माग काढा. कुठली वाट अजून चालू आहे, कुठली काट्यांत बुडाली आहे, कुठे बांध पडला आहे, कुठे पाणी प्यायला विहीर आहे, याची नोंद करा. उभ्या पिकातून चाक नेऊ नका, उघडलेलं फाटक पुन्हा लावा, प्लास्टिकचं वेष्टन खिशातून घरी आणा.

आणि तुमची नोंदवही भरली की ती ग्रामपंचायतीत नेऊन दाखवा. जिथून चार सायकली रोज जातात, ती वाट नांगराला सहजासहजी सापडत नाही!