साठ हजारांची हौस

हौसेला मोल नसते असे म्हणतात. परंतु ज्याच्या पदरी मोजके साठ हजार रुपये आहेत, त्याच्या हौसेला मोल असते आणि ती पुरवून पुरवून करावी लागते. माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी एक जुनी पोलो जीटी टीएसआय विकत घेतली, तेव्हापासून या विषयाने आमच्या घरात ठाण मांडले आहे. आजवर मोटार म्हणजे लग्नामुंजीस आणि दवाखान्यात जाण्याची सोय. केवळ वेगाच्या आनंदासाठी ती घ्यावी, ही कल्पना वहिनींना पटण्यासारखी नव्हती. "एवढ्या वेगाने जायचे तरी कुठे?" हा त्यांचा प्रश्न. त्याला उत्तर नाही हे खरेच. पण गाण्याच्या बैठकीसाठी रात्र जागविणाऱ्यालाही तसे उत्तर कोठे देता येते? बंधू वारल्यापासून असल्या तंट्यांचा निवाडा माझ्याकडे येतो, आणि मी यंत्रशास्त्र शिकविण्यात तीस वर्षे घालविली असल्याने तो टाळताही येत नाही.

ही गाडी हिंदुस्थानात २०१३ साली आली. इंजिन अवघे बाराशे घनसेंटिमीटरचे, परंतु टर्बोच्या बळावर १०५ अश्वशक्ती देणारे. २०२२ मध्ये पोलोचे येथील उत्पादनच थांबले, तेव्हा हौशी मंडळींना आता जुन्यावाचून गत्यंतर नाही. टर्बोचा दाब संगणकाच्या हुकमाने चालतो. ते हुकूम बदलले, की एकही नटबोल्ट न सोडता वीसतीस अश्वशक्ती वाढते. मोह पडावा अशीच ही गोष्ट आहे! एका दुकानदाराने पुतण्याला यादी करून दिली होती: हा 'रीमॅप', गर्जणारा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर आणि मोठी चाके. यांपैकी सायलेन्सरची गर्जना शेजाऱ्यांना ऐकू येते, शक्तीत मात्र त्या मानाने फारशी भर पडत नाही. शिवाय पोलीस असले सायलेन्सर काढून घेऊन रोडरोलरखाली चिरडतात. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि तापलेली हवा विरळ असते. मोठी चाके बहुधा जडही असतात. म्हणजे पैसे देऊन गाडी मंद करावयाची!

मी त्याला गाडीखाली बसविले आणि टायरवरचे चार आकडे वाचावयास सांगितले. "२३१७, काका." म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली खोल होती. पण रबर वयाने टणक होते आणि मग रस्त्याला धरीत नाही. मोटारीचा सारा पराक्रम तळहाताएवढ्या चार ठिपक्यांवर उभा असतो. जोर कितीही वाढवा, तो रस्त्याला पोचवितात ते हेच ठिपके, आणि वळणावर व संकटात सावरतात तेही हेच.

ब्रेकची गोष्ट त्याहून निकडीची. वेग साठावरून शंभरावर गेला, की गाडीतली ऊर्जा पावणेतीन पट होते, आणि थांबताना ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट-४ जातीचे ताजे तेल २३० अंशांपर्यंत तरी उकळू नये असा दंडक आहे. ओलावा मुरल्यावर तोच १५५ वर येतो. घाट उतरताना तेल उकळून बुडबुडे झाले, की पेडल पायाखाली नुसते दबते. पूर्वीच्या मालकाने हे तेल कधी बदलले होते, याची कोठेच नोंद नव्हती.

पुतण्या हिरमुसला. "म्हणजे सगळे पैसे न दिसणाऱ्या गोष्टींवर?" त्याची निराशा मला कळत होती, पहिल्या नोकरीतून दोन वर्षे साठविलेला पैसा होता तो. मी त्याला कॉलिन चॅपमनची हकीकत सांगितली. १९४८ साली लंडनमध्ये अभियांत्रिकीच्या या विद्यार्थ्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर स्वतःच्या हाताने स्पर्धेची गाडी बांधली. तीच पुढे पहिली लोटस म्हणून ओळखली गेली. पैसा बेताचा म्हणूनच तो जन्मभर शक्तीपेक्षा हलकेपणाच्या मागे लागला, असे मला वाटते. त्याच संध्याकाळी पुतण्याने डिकीतला आधीच्या मालकाचा अठरा किलोंचा स्पीकरचा खोका उपसून काढला. ही सुधारणा फुकट झाली.

टायर चोवीस हजार, ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि तेल साडेअकरा हजार, चार शॉक ॲब्झॉर्बर सतरा हजार, इंजिनचे तेल, प्लग वगैरे पाच हजार दोनशे. उरले दोन हजार तीनशे. रीमॅप तूर्त राहिला. या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे आणि जुन्या क्लचची परीक्षा त्याआधी व्हावयास हवी. शिवाय असा बदल विमा कंपनीला न कळविता केला, तर अपघातानंतर दावा नाकारण्यास ते निमित्त होऊ शकते.

दिवाळीनंतर वहिनींना पुढे बसवून आम्ही पाचगणीहून पसरणीचा घाट उतरलो. गाडी वळणांवर रुळावरून जावी तशी जात होती. पुतण्याने गिअर हाताने खाली घेतला, ब्रेकला विसावा दिला, आणि वाईपर्यंत वहिनींनी एकदाही दाराची मूठ धरली नाही.

आता तो महिन्याला तीन हजार बाजूस टाकीत आहे. कोइंबतूरजवळच्या कारी स्पीडवेवर हौशी मालकांनाही कधीकधी गाडी पळवू देतात, तेथे जाण्याचा त्याचा मनसुबा आहे. वहिनींनी त्यावर एवढेच विचारले, की पेरूरचे शिवमंदिर तेथून किती लांब पडते.