मस्करीचं कूळ

कोल्हापूरला कॉलेजात शिकणारी माझी मुलगी सुट्टीत गगनबावड्याला आली होती. बाहेर पाऊस कोसळत होता. आमच्याकडे तो एकदा लागला की घरात बसण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. पुस्तकातून डोकं वर न काढता तिनं विचारलं, "अब्बा, 'बँटर'ला मराठीत काय म्हणायचं?"

"मस्करी. नाहीतर आपली कोल्हापुरी चेष्टा."

मग मीच शब्दकोश काढून बसलो. 'बँटर' हा शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या बोलीत आला. कुठून, ते इंग्रजांनाही ठाऊक नाही. जोनाथन स्विफ्टला तो मुळीच खपत नसे. १७१० साली त्यानं लिहिलं की हा व्हाइटफ्रायर्समधल्या गुंडांकडून उचललेला शब्द आहे. आपल्या मस्करीचं कूळ मात्र सापडतं. अरबी 'मस्खरा', म्हणजे विदूषक, फारसीच्या वाटेनं दख्खनेत आला आणि मराठीनं त्याला घरचा करून टाकला. इतका, की मस्करी करताना त्या शब्दाला कुणी मुसलमान समजत नाही!

त्याच धातूचं क्रियापद कुरआनात सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत आहे. एकमेकांची टवाळी करू नका, वाईट नावं ठेवू नका, अशी तिथं ताकीद आहे.

ते वाचलं आणि एसटी स्टँडजवळची चहाची टपरी आठवली. २००३ च्या विश्वचषकात सेंच्युरियनला भारत-पाकिस्तान सामना होता. शाळेपासूनच्या माझ्या मित्रानं भर टपरीवर विचारलं, "काय भावा, आज तुमच्या टीमचं कसं?" सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. भारत जिंकला, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मुलीला हे सांगितलं तर ती चिडलीच. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

गप्प कुठला बसतोय! तो बोलताना अडखळायचा. सातवीत मीच त्याला 'फटफटी' नाव ठेवलं होतं, सुरू व्हायला तीन किका लागतात म्हणून. आज पन्नाशी उलटली तरी गाव त्याला त्याच नावानं ओळखतं. हे मी घरात कधी बोललो नव्हतो. तेवढं सांगितल्यावर मुलगी गप्प झाली.

संध्याकाळी पाऊस उघडला. तो रस्त्यानं चालला होता. मी दारातून त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली. तो थांबला आणि मागे वळून बघू लागला, मी कुणाला बोलावतोय ते.