दादा, आधी राहू कोण देतंय ते बघ

ती. दादास,


निवृत्तीनंतर परदेशात राहण्याच्या खर्चाचा तुझा तक्ता मिळाला. थायलंडातल्या चियांग माईचं भाडं, वीज, भाजी, सगळं बँकवाल्याच्या शिस्तीत मांडलंयस. पण परवडणाऱ्या देशांच्या याद्या बहुतेक डॉलरात पेन्शन घेणाऱ्यांसाठी केलेल्या असतात. अमेरिकेतून निघालेल्याला थायलंड फुकटात पडल्यासारखं वाटतं. आपण निघणार कोथरूडहून, आणि पेन्शन रुपयात.

तक्त्यात राहण्याच्या परवान्याचा रकाना नाही. पन्नाशी उलटलेल्यांना थायलंड वर्षाची मुदत देतं, पण तिथल्या बँकेत आठ लाख बाट दाखवावे लागतात, नाहीतर दरमहा पासष्ट हजारांचं उत्पन्न. आठ लाख बाट म्हणजे आपले वीस लाखांच्या वर. पैसे तुझेच, पण मुदत मिळाल्यावरही तीन महिने त्यांना हात लावायचा नाही आणि पुढे निम्मे तरी खात्यात ठेवायचेच. दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा. घाईघाईत कुणाच्या आजारपणाला इकडे आलास आणि परत येण्याची परवानगी आधी काढली नसलीस, तर मुदत बाद. शिवाय फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, त्याचा धूर चियांग माईत कोंडतो. वहिनीचा दमा तुला मी सांगायला नको.

माझं ऐकशील तर पोखरा बघ. १९५०च्या करारामुळे आपल्याला नेपाळात व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावर सीमा ओलांडता येते. तिथला रुपया १९९३पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. दुकानदार भाव सांगताना ‘आयसी की एनसी’ विचारून घेतो, म्हणजे भारतीय की नेपाळी. मला या बांधलेल्या भावाचं मोल भाड्यापेक्षा जास्त वाटतं. डॉलरपुढे आपला रुपया घसरला की त्यांचाही घसरतो. बाट मात्र वधारला, की तुझी पेन्शन बसल्या जागी कमी होते. आणि दाळ-भात-तरकारीच्या ताटात दाळ, भात, तरकारी पुन्हा पुन्हा वाढतात. पेजभातावर वाढलेल्या तुझ्यासारख्याचं कसं भागेल, ही चिंता नाही.

अडचणी आहेतच. परदेशी माणसाला तिथे घर घेता येत नाही, म्हणजे भाडेकरूच राहायचं. पोखऱ्यातल्या फेवा तलावाच्या काठावर पर्यटकांचे भाव, म्हणून दोन गल्ल्या आत शोध. पाऊस बेफाम, पावसाळ्यात काठमांडूच्या रस्त्यावर दरडी कोसळतात. मोठं दुखणं आलं तर काठमांडू किंवा थेट दिल्ली, आणि आपल्या बऱ्याच आरोग्य पॉलिसी देशाबाहेरचा खर्च देत नाहीत. तुझ्या एजंटाकडून हे लेखी घे, तोंडी नको.

म्हणून मी तर पावसाळा पुण्यातच काढावा म्हणतो. दिवाळी आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला उरकून निघायचं. कुर्ल्याहून गोरखपूरची गाडी, पुढे बसने सुनौली, आणि सीमेपलीकडून पोखऱ्याची बस. वहिनीच्या गुडघ्यांना त्या बसचा घाटरस्ता सोसणार नसेल तर काठमांडूमार्गे विमान.

आणि कोथरूडचा फ्लॅट विकायचा विषय या वर्षी काढू नकोस. दलालाला मी तसं सांगून ठेवलंय. रागवायचं तर माझ्यावर रागव.

तुझा,
बाळू