सोळा घरांचं सॉकेट

दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात एक निवृत्त शिक्षक आपली २००५ सालची पेट्रोल गाडी घेऊन माझ्या सोलापुरातल्या गॅरेजवर आले. चेक इंजिनचा दिवा लागलेला, धूर काळा, ॲव्हरेज निम्म्यावर. ऑनलाइन मागवलेला ब्लूटूथ स्कॅनर गाडीशी जोडलाच जात नव्हता, त्यावरून कुणीतरी ‘ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेलाय’ असं सांगून मोठा खर्च काढला होता. “मिस्त्री, मोडीत काढू का हिला?” सरांचा हात बॉनेटवरच होता.

मी टॉर्च घेऊन स्टिअरिंगखाली वाकलो. सोळा घरांचं सॉकेट दिसलं की कुठलाही स्कॅनर चालेल असं वाटतं. पण सॉकेटचा आकार वेगळा आणि गाडीची भाषा वेगळी. स्कॅनरच्या खोक्यावर ‘१९९६ नंतरच्या सर्व गाड्यांसाठी’ असं छापलेलं असतं. ते अमेरिकेतल्या गाड्यांबद्दल खरं आहे, कारण तिथे ओबीडी-२ची, म्हणजे गाडीने आपले बिघाड ठरलेल्या पद्धतीने सांगण्याची, सक्ती त्या मॉडेल वर्षापासून आहे. आपल्याकडे ओबीडी आलं बीएस-४ बरोबर, एप्रिल २०१० मध्ये. तेही आधी मुंबई, पुणे, सोलापूर अशा १३ शहरांत. ओबीडी-२ तर २०१३ मध्ये. त्याआधीच्या गाडीने सॉकेटमधून काय बोलायचं हे बनवणारी कंपनीच ठरवायची.

म्हणून पैसे देण्याआधी पिना बघा. ६ आणि १४ या घरांत पिना असतील तर गाडी बहुधा कॅन या नव्या भाषेत बोलते, साधा स्कॅनरही चालून जातो. ती घरं रिकामी आणि ७ मध्ये पिन असेल तर के-लाइन ही जुनी भाषा. कॅनचा वेग सहसा सेकंदाला ५ लाख बिट, के-लाइनचा १०,४००. त्यातही कित्येक जुन्या गाड्यांना जागं करायला आधी सेकंदाला फक्त ५ बिट इतक्या संथपणे हाक मारावी लागते. स्वस्तातल्या नकली चिपमध्ये बरेचदा नेमकं हेच जमत नाही. मी तरी जुन्या गाडीसाठी के-लाइन स्पष्ट लिहिलेला, वायरचा स्कॅनरच घ्या म्हणतो. स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर १६ नंबरला बॅटरीचे १२ व्होल्ट येतात का पाहा. कित्येक गाड्यांत त्याचा आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो.

सॉकेटच नसलेल्या गाड्याही येतात. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच होंडांमध्ये एका छोट्या कनेक्टरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडून चावी फिरवली की डॅशबोर्डवरचा दिवाच लुकलुकून कोड सांगतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. ती मोजताना गॅरेजमध्ये सगळे गप्प होतात.

सरांच्या गाडीत पिन होती ७ मध्ये. माझा स्कॅनर लावला, दोन-तीन सेकंद शांतता, आणि कोड आला: पी०११८, म्हणजे कूलंटच्या तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. स्क्रीनवर कूलंटचं तापमान उणे ४० अंश! सोलापूरच्या मे महिन्यात! सेन्सरची वायर तुटलेली होती. ती जोडली, कोड पुसला, गाडी सुरू करून पुन्हा पाहिलं. आकडा हळूहळू वर चढत गेला.

सरांनी तो ब्लूटूथ स्कॅनर टाकला नाही. मुलाच्या नव्या गाडीत तो पहिल्याच झटक्यात जोडला जातो.