सुरतेची सादेली : लाकडाचा काठ आणि आपली पारख

मुंबईहून उत्तरेकडे सुमारे 260 किलोमीटर गेले की तापीकाठचे सुरत लागते. आपल्यातील बहुतेकांचे तेथे जाणे होते ते कापडासाठी, हिऱ्यांसाठी वा सोयरिकीसाठी. काम आटोपते आणि परतीची गाडी गाठली जाते. परंतु या शहराने कापड आणि हिरे यांच्या गजबजाटात आणखी एक कारागिरी जपली आहे. तिचे नाव सादेली. लाकडी पेटी, आरशाची चौकट, चौरंग किंवा कपाटाचे दार यांच्या कडेने बारीक चौकोन, षट्कोन आणि तारे यांची रंगीत पट्टी धावताना दिसते, ती सादेलीची. साडीला जसा काठ, तसा हा लाकडाचा काठ.

सतराव्या शतकात सुरत हे मुघल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. 1613 मध्ये इंग्रजांची वखार येथे स्थिरावली. वीरजी व्होरा यांच्यासारख्या जैन श्रेष्ठींच्या पेढीवरून त्याच इंग्रज कंपनीने वेळोवेळी कर्जे उचलली. इराणच्या किनाऱ्याशीही या बंदराचा नित्य व्यापार होता. शिराझ येथील ‘खातम’ काम आणि आपली सादेली शेजारी ठेवली, तर दोघी बहिणी वाटाव्यात. ही कला इराणातून सिंधमार्गे पश्चिम किनाऱ्यावर आली, असे परंपरा सांगते. पुढे व्यापार मुंबईकडे सरकला तशी कारागिरीही तिकडे पोहोचली. 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मुंबईच्या नावाने मांडलेल्या जडावाच्या पेट्या याच घराण्यातल्या. इंग्रजांनी त्यांना ‘बॉम्बे बॉक्स’ म्हटले. सुरतेत मात्र ‘पेटीगरा’ हे आडनावच या धंद्याची साक्ष देते.

ही नक्षी रंगवलेली नसते आणि एकेक तुकडा जोडून चितारलेलीही नसते. निरनिराळ्या रंगांच्या लाकडांच्या, काडीएवढ्या बारीक, त्रिकोणी वा समभुज छेदाच्या लांब कांड्या आधी तासून घेतात. ठरलेल्या क्रमाने त्यांची जुडी रचतात, सांधे चिकटवून ती दोऱ्याने घट्ट आवळतात आणि वाळू देतात. मग ही जुडी करवतीने आडवी कापतात. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक चकतीत तेच वेटोळे उमटते. येथेही प्रत्येक पातळ कापात तोच तारा उमटतो. हे काप पेटीवर चिकटवून, कानशीने घासून सपाट करतात आणि शेवटी पॉलिश चढवतात. मोठ्या सामानावर कडेला पटाशीने उथळ खाच पाडून पट्टी बसवली जाते. कारागिराची खरी परीक्षा कोपऱ्यावर असते. तेथे दोन पट्ट्या 45 अंशांत मिळतात. नक्षी तुटली तर हिशेब आधीच चुकलेला असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. जुन्या सादेलीत आबनूस, चंदन आणि तांबूस पतंगाचे लाकूड होते, कथलाची चकाकी होती. पण तिचा पांढरा रंग हस्तिदंताचा होता आणि हिरवा रंग बहुधा रंगवलेल्या हस्तिदंताचा वा शिंगाचा. ज्या पेट्यांची संग्रहालयांत वाखाणणी होते, त्यांच्या प्रत्येक शुभ्र रेषेमागे एक मुका जीव आहे. 1986 मध्ये भारतीय हत्तीच्या दंताचा व्यापार कायद्याने बंद झाला आणि 1991 मध्ये आफ्रिकी दंतावरही तीच बंदी आली. कच्चा मालच गेला, आता कला संपली, असे पुष्कळांना वाटले असेल.

तसे झाले नाही. पांढऱ्याच्या जागी फिकट लाकूड आणि अॅक्रिलिक आले. तारा तोच राहिला. सादेलीचे सौंदर्य दंतात कधीच नव्हते. ते कोनांच्या मापात आणि कांड्यांच्या क्रमात होते, हे यावरून सिद्ध झाले. हिंसा वगळल्याने कला दरिद्री होत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही.

मात्र ‘हस्तिदंत नाही’ एवढ्यावर आपले समाधान होऊ नये. देशात आज जडावाच्या पुष्कळ फर्निचरमध्ये उंटाचे वा अन्य जनावराचे हाड वापरले जाते आणि दुकानात त्याला नुसते ‘व्हाइट इनले’ म्हणतात. नीट पाहिल्यास हाडावर सुईच्या टोकाएवढे काळसर ठिपके वा रेघा दिसतात; जुन्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते; अॅक्रिलिक सर्वत्र एकसारखे असते. दुसरा प्रश्न सरसाचा. पारंपरिक सरस कातडी व हाडे उकळून करीत. आज कृत्रिम गोंद सहज मिळतो आणि पावसाळ्याच्या दमटपणात तो अधिक टिकतोही. तिसरा प्रश्न पॉलिशचा. चपडा लाखेचा असतो आणि लाख ही कीटकांपासून मिळते. हे तीन प्रश्न ‘काका, यात पांढरे काय वापरले आहे?’ येथून सुरू करावेत. प्रामाणिक कारागिराला त्यांचा राग येत नाही. जाणते गिऱ्हाईक आले, याचा आनंदच होतो.

व्यापारी म्हणून आणखी एक हिशेब आपल्याला कळायला हवा. यंत्रावर छापलेली नक्षीची पट्टी थोड्या पैशांत मिळते आणि लांबून तशीच दिसते. सादेलीच्या पेटीची किंमत मुख्यतः मालाची नसून दिवसांची असते : तासण्याचे, वाळण्याचे, घासण्याचे. तेथे छापील पट्टीचा भाव सांगून घासाघीस केली, तर कारागीर कसर काढणार ती मालात किंवा वेळेत. आणि पुढची पिढी हा धंदा सोडून दुसरीकडे जाणार. आज सुरतेत हे काम जाणणारी घरे मोजकीच उरली आहेत.

म्हणून पुढच्या खेपेला कापडबाजारातून तासभर काढावा. लेकीच्या लग्नातली दागिन्यांची पेटी असो वा ग्रंथ ठेवण्याचा चौरंग, निव्वळ लाकडाची सादेली सांगून करून घ्यावी. शिसवीचा काळसर, पतंगाचा तांबूस आणि फिकट लाकडाचा पांढुरका एवढे तीन रंग त्या ताऱ्याला पुरतात. ऑर्डर देताना माल, गोंद आणि पॉलिश यांची नोंद बिलावर लिहून घ्यावी, आणि ठरलेले दाम विनातक्रार मोजावे.