एका शब्दाची दुरुस्ती

एम. ए.च्या वर्गासाठी दिलेला भाषांतराचा एक स्वाध्याय तपासताना मी पूर्वी एकदा एका शब्दावर तांबडी रेघ ओढली होती. उतारा युरोपातील धर्मसुधारणेविषयीचा होता. एका विद्यार्थ्याने मूळ इंग्रजीतील ‘चर्च’साठी सर्वत्र ‘मंडळी’ हा शब्द योजला होता. मी तो खोडून वर ‘चर्च’ असे लिहिले, समासात ‘पारिभाषिक काटेकोरपणा हवा’ असा शेरा दिला आणि दोन गुण वजा केले. विद्यार्थी नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबातला होता. वही परत घेताना तो एवढेच म्हणाला, “सर, आमच्याकडं मंडळीच म्हणतात. चर्च म्हणजे ती इमारत.” मी त्याला प्रमाण परिभाषा आणि समाजविशिष्ट वापर यांतील भेद समजावून सांगितला. त्याने मान डोलावली.

या प्रसंगाकडे मला पुन्हा वळावे लागले ते विल्यम टिंडलमुळे. भाषांतराच्या इतिहासाचे टिपण तयार करताना टिंडल आणि टॉमस मोर यांच्यातील वाद वाचनात आला, आणि त्या वादात मी कोणत्या बाजूला उभा होतो हे ध्यानात येऊन मी चपापलो.

टिंडलने मूळ ग्रीकवरून केलेला इंग्रजी नवा करार १५२६ साली वर्म्स येथे छापला गेला. इंग्लंडमध्ये छापणे शक्यच नव्हते. विक्लिफच्या अनुयायांच्या धास्तीने आर्चबिशप अरंडेल यांनी १४०९ मध्ये जारी केलेल्या नियमांनुसार बिशपच्या संमतीवाचून पवित्र शास्त्राचे इंग्रजी भाषांतर करणे निषिद्ध होते. लंडनचे बिशप टन्स्टल यांच्याकडे टिंडलने आश्रय मागितला होता. तो मिळाला नाही. पुढे त्याच टन्स्टल यांनी या छापील प्रती जाळल्या. इथवरची कथा सर्वांच्या परिचयाची आहे, आणि ती सहसा ‘लोकभाषा विरुद्ध लॅटिन’ अशा सोप्या सूत्रात सांगितली जाते. मला हे सूत्र अपुरे वाटते. मोर यांचा इंग्रजी बायबलला तत्त्वतः विरोध नव्हता. बिशपांनी मान्य केलेले आणि त्यांच्या विवेकाने वाचकाच्या हाती दिले जाणारे भाषांतर त्यांना चालले असते. १५२९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादात्मक ग्रंथात त्यांनी मुख्य बोट ठेवले ते अवघ्या काही शब्दांवर.

ग्रीक ‘एक्लेसिया’साठी टिंडलने चर्च न म्हणता ‘काँग्रिगेशन’ म्हटले. ‘प्रेस्बितेरोस’साठी ‘प्रीस्ट’ टाळून आधी ‘सीनियर’ आणि १५३४च्या सुधारित आवृत्तीत ‘एल्डर’ हा शब्द घेतला. ‘अगापे’साठी ‘चॅरिटी’ऐवजी ‘लव्ह’ योजला. ‘मेतानोइया’साठी ‘पेनन्स’ न घेता अंतःकरण पालटण्याचा अर्थ देणारा ‘रिपेंटन्स’ स्वीकारला. कोशाच्या दृष्टीने पाहिले तर यांतील एकही पर्याय अनाठायी नाही. परंतु ‘पेनन्स’ गेला की पापकबुली ऐकून प्रायश्चित्त सांगणाऱ्या पुरोहिताचे काम संपते. ‘प्रीस्ट’ गेला की तो पुरोहितच उरत नाही. आणि ‘चर्च’ गेले की ज्या संस्थेच्या अधिकाराने हे सारे चालते ती संहितेतून अदृश्य होते. शब्दांमागचा हा हिशेब मोर यांना अचूक उमगला होता. टिंडलचा इतका तत्पर आणि मर्मज्ञ वाचक दुसरा झाला नसेल, असेच मी म्हणेन.

‘एक्लेसिया’ हा मुळात धर्माचा शब्दच नव्हे. ग्रीक नगरराज्यात नागरिकांची बोलावलेली सभा म्हणजे एक्लेसिया. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरातील कारागीर पौलाविरुद्ध खवळून रंगशाळेत जमतात. त्या गोंधळलेल्या जमावालाही ग्रीक संहिता एक्लेसियाच म्हणते. लॅटिन परंपरेने या शब्दाचे भाषांतर केलेच नाही. तो जसाच्या तसा उचलला. उसना घेतलेला शब्द ग्रहण करणाऱ्या भाषेत कोरा असतो, त्याला तिथे नातीगोती नसतात. मग त्यात अर्थ भरण्याचा हक्क ज्याच्या हाती संस्था आहे त्याच्याकडे जातो. माझ्या तांबड्या शाईतला ‘चर्च’ हा असाच उसना शब्द होता. ज्याला मी पारिभाषिक काटेकोरपणा म्हणत होतो, ते वस्तुतः भाषांतर करण्याचे टाळणे होते.

या वादातील एक प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. १५३१ साली मोर यांना उत्तर देताना टिंडलने विचारले की, इरॅस्मसनेही आपल्या लॅटिन भाषांतरात एक्लेसियासाठी ‘काँग्रिगाशिओ’ हा शब्द वापरला आहे. मग त्याच्यावर आक्षेप का नाही? इरॅस्मस मोर यांचा जिवलग मित्र होता. त्यांचे प्रत्युत्तर असे की, इरॅस्मसच्या ठायी मला तसा दुष्ट हेतू दिसला नाही, टिंडलच्या ठायी दिसतो. म्हणजे शब्द तोच, पण वापरणारा कोण यावरून तो शुद्ध किंवा पाखंडी ठरतो. प्रथमदर्शनी हा पक्षपात वाटतो, आणि तो आहेही. पण लॅटिन वाचणाऱ्या पंडितांत फिरणारा शब्द आणि नांगर धरणाऱ्याच्या हाती पडणारा शब्द यांचा परिणाम एक नसतो, हे मोर यांचे गृहीतक चुकीचे म्हणता येत नाही. ते चुकीचे असते तर प्रती जाळाव्या लागल्या नसत्या.

दोघांचाही शेवट सत्तेच्याच हातून झाला. राजाला चर्चचा प्रमुख मानण्यास नकार दिला म्हणून १५३५ मध्ये मोर यांचा शिरच्छेद झाला. टिंडलला १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळच्या फिल्फोर्डे येथे गळा आवळून मारले आणि मग जाळले. पुढे अवघ्या तीन वर्षांत, म्हणजे १५३९ साली, आठव्या हेन्रीच्या आज्ञेने ‘ग्रेट बायबल’ निघाले. त्याच्या मुखपृष्ठावर राजा स्वहस्ते ग्रंथ वाटतो आहे. त्यात टिंडलचे काम पुष्कळसे होते, नाव नव्हते. आणि १५४३च्या कायद्याने सामान्य स्त्रिया, कारागीर, उमेदवार, शेतकरी व मजूर यांना इंग्रजी बायबल वाचण्यास मनाई केली. राजाने पोपची जागा घेतली. वाचकाची जागा होती तिथेच राहिली.

१६११च्या राजमान्य भाषांतरासाठी भाषांतरकारांना जे पंधरा नियम घालून दिले होते, त्यांतील तिसरा नियम असा की, जुने धर्मसंस्थेचे शब्द कायम ठेवावेत. ‘चर्च’चे भाषांतर ‘काँग्रिगेशन’ असे करू नये. या नव्या करारातील वाक्यांचा फार मोठा भाग टिंडलचाच आहे. त्याचा गद्याचा कान स्वीकारला गेला, आणि ज्या शब्दांसाठी त्याने वैर पत्करले त्यांतला हा पहिला नियमानेच बाद झाला. मात्र इफिसच्या जमावापाशी येताच या भाषांतरकारांनी तोच ग्रीक शब्द निमूटपणे ‘असेंब्ली’ केला. दंगा करणाऱ्या कारागिरांना चर्च म्हणणे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

आता मराठीकडे. इंग्रजीत एका कलमाने बाद झालेला अर्थ मराठी प्रॉटेस्टंट बायबलमध्ये राजरोस नांदतो आहे. तिथे एक्लेसियासाठी ‘मंडळी’ आहे, प्रेस्बितेरोससाठी ‘वडील’ आहे, अगापेसाठी ‘प्रीती’ आहे. १८३१ पासून नगरला काम करणारे अमेरिकन मिशनरी प्रामुख्याने काँग्रिगेशनल परंपरेतले, म्हणजे स्थानिक समुदायालाच पूर्ण चर्च मानणारे होते, ही गोष्टही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. वसईकडील कॅथलिक समाज ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो. त्यातही सभा आहेच. आणि ‘मंडळी’ तर आपल्या घरादारातला शब्द. भजनाला बसते ती मंडळी, नाटक करते ती मंडळी, पंगतीला जमते ती मंडळी. मंडळी माणसांचीच असते. तिला कुलूप लावता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याने इमारत आणि माणसे यांत केलेला भेद ग्रीक संहितेच्या अधिक जवळचा होता. मी मात्र राजा जेम्सच्या तिसऱ्या नियमाची अंमलबजावणी करीत होतो, आणि तीही तो नियम ठाऊक नसताना. मोर यांना निदान आपण काय वाचवतो आहोत हे माहीत होते.

काही वर्षांनी तो एका चर्चासत्रात भेटला. आता तोही अध्यापक आहे. चहाच्या वेळी मी त्याला हे सगळे सांगितले आणि त्या दोन गुणांबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो हसला. प्रसंग त्याला आठवत होता.

“मला तेव्हा तुमचंच बरोबर वाटलं होतं, सर,” तो म्हणाला. “त्यानंतर मी सगळीकडं चर्चच लिहितो. मुलांच्या वह्यांतही तीच दुरुस्ती करतो.”